घरी आल्यानंतरचं दुखणं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



अतिदक्षता विभागाच्या, म्हणजे आपण ज्याला आयसीयू म्हणतो त्या विभागाच्या दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा डॉक्टरांना एकच प्रश्न असतो, ‘वाचेल ना?’ त्या घडीला दुसरा प्रश्न सुचत नाही आणि सुचावा अशी अपेक्षाही नाही. पंधरा-वीस दिवसांनी श्वासाची नळी निघते, रुग्ण साध्या वॉर्डात येतो, पेज-भात खाऊ लागतो आणि एके दिवशी घरी जातो. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो, पेढे वाटले जातात. सगळ्यांच्या लेखी आजार तिथं संपतो.

आज मला बोलायचं आहे ते त्यानंतर सुरू होणाऱ्या दुखण्याबद्दल. हे दुखणं स्मरणशक्तीचं, एकाग्रतेचं आणि मनाचं आहे. ते छातीच्या एक्स-रेत दिसत नाही, रक्ताच्या तपासणीत सापडत नाही आणि ज्याला होतं तोही बहुधा ते बोलून दाखवत नाही.

आधी मूळ आजाराविषयी थोडंसं. आपल्या फुप्फुसांत हवेचे कोट्यवधी अतिसूक्ष्म फुगे असतात. त्यांच्या पातळ भिंतींमधून प्राणवायू रक्तात जातो. काही गंभीर आजारांत या भिंतींना सूज येते, त्या झिरपू लागतात आणि फुग्यांमध्ये हवेऐवजी द्रव भरतो. फुप्फुसं ओल्या स्पंजासारखी जड आणि कडक होतात. रुग्ण जिवाच्या आकांताने श्वास घेतो, पण प्राणवायू रक्तापर्यंत पोचत नाही. अमेरिकेतल्या डेन्व्हर इथल्या डॉक्टरांनी १९६७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अशा १२ रुग्णांचं वर्णन पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. त्या बारांपैकी सात जण दगावले होते. या अवस्थेला आज ‘एआरडीएस’ या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखतात.

ही अवस्था आपल्याकडे नवीन नाही. न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस, स्वादुपिंडाचा दाह, मोठा अपघात अशा अनेक वाटांनी रुग्ण तिथं पोचतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोची साथ आली, २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला आणि २०२०-२१ मध्ये करोनाने तर घराघरांत ‘व्हेंटिलेटर’ हा शब्द नेऊन पोचवला. त्या सगळ्या साथींत अशा फुप्फुसांचे रुग्ण होते. त्यातले जे वाचले ते आज आपल्यात आहेत. कुणी आपल्या सोसायटीत राहतं, कुणी शेजारच्या टेबलावर काम करतं.

वाचणाऱ्यांची संख्या वाढली ती वैद्यकातल्या काही साध्या पण मोलाच्या शोधांमुळे. अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ८६१ रुग्ण होते. व्हेंटिलेटरने एका श्वासात किती हवा ढकलायची, एवढाच त्यातला प्रश्न होता. मोठ्या श्वासांऐवजी छोटे श्वास दिल्यावर मृत्यूंचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. शंभरात नऊ माणसं अधिक वाचली आणि त्यासाठी कुठलं नवं औषध लागलं नाही. मात्र माणसं वाचू लागली तेव्हा पुढचा प्रश्न उभा राहिला. वाचल्यानंतर त्यांचं आयुष्य कसं असतं?

हा प्रश्न चिकाटीने विचारणाऱ्यांत रामोना हॉपकिन्स या मानसशास्त्रज्ञ होत्या. अमेरिकेतल्या युटा राज्यात त्यांनी एआरडीएसमधून वाचलेल्या ७४ रुग्णांच्या स्मरणशक्तीच्या, एकाग्रतेच्या आणि विचारांच्या वेगाच्या चाचण्या घेतल्या. घरी जाताना ७३ टक्के रुग्णांमध्ये दोष आढळला. वर्षानंतर हे प्रमाण ४६ टक्के होतं आणि दोन वर्षांनंतर ४७ टक्के. म्हणजे पहिल्या वर्षात पुष्कळ जण सुधारले, पण जवळजवळ निम्म्यांची गाडी तिथंच अडली. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला.

त्याआधी २००३ मध्ये कॅनडातल्या टोरांटो इथल्या डॉ. मार्गारेट हेरिज यांनी १०९ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला होता. त्यांचं मध्यम वय होतं ४५, म्हणजे ऐन कमावतं वय. वर्षभरात त्यांची फुप्फुसं बहुतांशी भरून आली होती, तरीही कामावर परतले होते ते जेमतेम निम्मे. छाती बरी झाली होती. अडचण स्नायूंच्या अशक्तपणात आणि त्याखेरीज आणखी कुठेतरी होती.

आणखी एक अभ्यास सांगतो. अमेरिकेतल्या नॅशव्हिल इथून २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लेखकांत पहिलं नाव आहे डॉ. प्रतीक पंढरीपांडे यांचं. आडनाव ऐकून आपल्याला आपुलकी वाटेल. श्वसन बंद पडण्याच्या बेतात आलेल्या किंवा रक्तदाब कोसळलेल्या ८२१ रुग्णांना त्यांनी अभ्यासात घेतलं. आजाराआधी यांच्यापैकी फक्त ६ टक्के लोकांच्या बुद्धीच्या कामात दोष होता. वर्षानंतर तपासलेल्या रुग्णांपैकी ३४ टक्क्यांचे गुण डोक्याला मध्यम स्वरूपाचा मार बसलेल्या माणसाइतके कमी होते. २४ टक्क्यांचे गुण तर सौम्य अल्झायमरच्या रुग्णाच्या बरोबरीचे होते. आणि यात तरुणही होते, केवळ म्हातारी माणसं नव्हती.

हे आकडे ऐकून घाबरू नका. हा अल्झायमर नव्हे, तो वर्षागणिक वाढत जातो. हे दुखणं बहुतेकांमध्ये सुरुवातीला जास्त असतं, मग कमी होतं किंवा एका जागी थांबतं. आकडे सांगितले ते एवढ्यासाठी, की ‘मलाच असं का होतंय’ म्हणून जो एकटा कुढत बसला आहे, त्याला कळावं की तो एकटा नाही.

घरात हे दिसतं कसं? रुग्ण सगळ्यांना ओळखतो, व्यवस्थित बोलतो, जुन्या गोष्टी तारीखवार सांगतो. म्हणून कुणाला संशय येत नाही. अडतं ते नव्या गोष्टींपाशी आणि एका वेळी दोन कामं करण्यापाशी. समजा, पतसंस्थेत वीस वर्षं रोख मोजणारा माणूस आहे. आता नोटा मोजताना मागून कुणी हाक मारली की त्याचा आकडा हरवतो. किराणा दुकानदाराला तोंडी हिशेब जमत नाही. गृहिणीला चाळीस माणसांचा स्वयंपाक एकहाती करायची सवय, तिला आता चार माणसांसाठी कुकर, आमटी आणि पोळ्या यांचा मेळ घालता येत नाही; मीठ घातलं की नाही ते आठवत नाही. शिक्षकाला फळ्यासमोर उभं राहिल्यावर नेमका शब्द सापडत नाही. वर्तमानपत्राचं एक पान वाचून डोकं शिणतं. डॉक्टरांनी ‘आज वार कोणता, पंतप्रधान कोण’ असं विचारलं, तर उत्तरं बरोबर येतात आणि ‘सगळं ठीक आहे’ असा शेरा पडतो.

हे होतं कशामुळे? त्याला एकच कारण नाही. रक्तातला प्राणवायू कित्येक तास, कधी कित्येक दिवस कमी असतो. शरीरभर पेटलेल्या दाहाची झळ मेंदूलाही लागते. रक्तदाब आणि साखर वरखाली होते. नळी सहन व्हावी म्हणून गुंगीची औषधं द्यावी लागतात. झोप अशी लागतच नाही, कारण आयसीयूत दिवे आणि यंत्रांचे आवाज चोवीस तास सुरू असतात. या सगळ्यांतून एक अवस्था उद्भवते, तिला इंग्रजीत ‘डिलिरियम’ म्हणतात. आपली जुनी माणसं तापात बरळणाऱ्याला ‘वात झालाय’ म्हणायची, तीच ही अवस्था. नॅशव्हिलच्या त्या अभ्यासात चारांतल्या तिघांना ती झाली होती आणि जितके अधिक दिवस ती टिकली, तितकी वर्षानंतरची बुद्धीची चाचणी वाईट आली. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आरडाओरडा करणारा, नळ्या ओढणारा रुग्ण सगळ्यांच्या नजरेत येतो. पण हा वात मुकाही असतो. रुग्ण डोळे उघडे ठेवून गप्प पडून राहतो आणि आपण म्हणतो, ‘किती शांत आहेत हो.’

आता मनाकडे वळू या. या वाताच्या दिवसांत रुग्णाला जे दिसतं, ते त्याच्यासाठी अगदी खरं असतं. नर्स आपल्याला विष टोचते आहे, आपल्याला कोंडून ठेवलं आहे, पलंग पाण्यावर तरंगतो आहे, घरच्यांनी आपल्याला विकून टाकलं आहे, अशा आठवणी घेऊन माणसं बाहेर येतात. त्यांची मुळं खऱ्या घटनांत असतात. नळी ओढू नये म्हणून हात खरोखरच बांधलेले असतात, सुया खरोखरच टोचल्या जातात, घशातला कफ ओढताना जीव खरोखरच गुदमरतो. गुंगीतला मेंदू या तुकड्यांची आपल्या परीने गोष्ट रचतो. करोनाच्या काळात तर चेहरा नसलेली, पांढऱ्या पोशाखातली माणसं भोवती फिरत होती आणि आपलं म्हणावं असं कुणी जवळ नव्हतं. मग मेंदूने भयंकर गोष्टी रचल्या तर नवल कसलं?

खरी पंचाईत पुढे होते. बाहेर आल्यावर खरं काय घडलं ते रुग्णाला आठवत नाही. जे घडलंच नाही, ते मात्र लख्ख आठवतं. हे सांगितलं तर लोक वेडा म्हणतील, या भीतीने तो ते कुणालाच सांगत नाही. रात्री दचकून उठतो. कुकरची शिट्टी झाली की छातीत धडधडतं, कारण यंत्राची घंटी आठवते. फिनेलचा वास आला की घाम फुटतो. तपासणीची तारीख आली की काहीतरी निमित्त काढून टाळतो. घरच्यांना वाटतं, हा बेफिकीर आहे. वास्तविक तो घाबरलेला असतो. आयसीयूतून वाचलेल्यांपैकी साधारण पाचांत एकाला पहिल्या वर्षात अशा आघातानंतरच्या भीतीची लक्षणं असतात. नैराश्याचं प्रमाण त्याहून अधिक, साधारण तिघांत एक इतकं आढळतं.

या सगळ्यावर आपल्या समाजाचं एक ठरलेलं उत्तर आहे, ‘देवाने वाचवलं ना, मग आता रडायचं कशाला?’ बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या एका वाक्याने रुग्णाचं तोंड बंद होतं. ज्याच्यासाठी बायकोने दागिने मोडले, भावाने कर्ज काढलं, त्याने ‘मला जगण्यात गोडी वाटत नाही’ असं म्हणायचं तरी कसं? मग तो चिडतो, तुटक बोलतो, कोपऱ्यात बसून राहतो. घरात त्याला आळशी, तऱ्हेवाईक, ‘डोक्यावर परिणाम झालेला’ असे शब्द मिळतात. बायकांच्या वाट्याला तर आठ दिवसांत पुन्हा ओटा येतो. ‘वहिनी, आता छान दिसता हो’ म्हणत पाहुणे चहाची वाट बघत बसतात.

अमेरिकेतल्या क्रिटिकल केअर तज्ज्ञांच्या संस्थेने २०१० मध्ये एक बैठक बोलावून शरीर, बुद्धी आणि मन या तिन्हींच्या तक्रारींना मिळून एक नाव दिलं, ‘पोस्ट-इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’. त्यांनी आणखी एक शहाणपणा केला. हे दुखणं घरच्यांनाही होतं, असं त्यांनी नोंदवलं. महिनाभर दवाखान्याच्या बाकड्यावर रात्री काढलेल्या पत्नीची झोप नवरा घरी आल्यावरही परत येत नाही, ती यामुळेच. मराठीत या सिंड्रोमला रुळलेलं नाव नाही. आपण त्याला ‘अतिदक्षतेनंतरचं दुखणं’ म्हणू या. दुखण्याला नाव मिळालं की निम्मी लाज जाते. ‘मी आळशी झालोय’ आणि ‘मला हे दुखणं झालंय’ या दोन वाक्यांतलं अंतर फार मोठं आहे.

यावर उपाय काय? काही उपाय दवाखान्यातच सुरू होतात. गुंगी गरजेपुरतीच ठेवणं, रोज ठरावीक वेळी ती कमी करून रुग्णाला जागं करणं आणि शक्य तितक्या लवकर त्याला हलवणं, बसवणं, उभं करणं. अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांत १०४ रुग्णांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये आला. व्हेंटिलेटरवर असतानाच व्यायाम सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के लोक घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकत होते, इतरांपैकी ३५ टक्के. त्यांचे वाताचे दिवसही निम्मे झाले. २०२३ मध्ये शिकागोहून २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. असा लवकर व्यायाम मिळालेल्यांपैकी २४ टक्क्यांमध्ये वर्षानंतर बुद्धीचा दोष राहिला, नेहमीचे उपचार मिळालेल्यांमध्ये ४३ टक्के. अर्थात कुणाला कधी आणि किती हलवायचं, हे तिथल्या डॉक्टरांनीच ठरवायचं. घाईने धोकाही होऊ शकतो.

नातेवाइकांच्या हातातही बरंच काही आहे. रुग्णाचा चष्मा, कवळी, कानाचं यंत्र आत द्या. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याचा गोंधळ वाढणारच. भेटीची पाच मिनिटं मिळाली, तर रडण्यात घालवू नका. आपल्या घरच्या बोलीत सांगा, ‘बाबा, आज गुरुवार आहे, सकाळचे अकरा वाजलेत, तुम्ही दवाखान्यात आहात, घशात नळी आहे म्हणून बोलता येत नाही, ती निघणार आहे.’ रोज हेच सांगा.

आणि एक वही करा. युरोपातल्या अनेक आयसीयूंमध्ये रुग्णासाठी रोजनिशी लिहितात. आज काय झालं, कोण भेटायला आलं, बाहेर पाऊस होता का, असं साधंच. सहा युरोपीय देशांतल्या ३५२ रुग्णांवरच्या २०१० च्या अभ्यासात अशी रोजनिशी मिळालेल्यांमध्ये आघातानंतरचा विकार ५ टक्क्यांना झाला, उशिरा मिळालेल्यांमध्ये १३ टक्क्यांना. फ्रान्समधल्या २०१९ च्या मोठ्या अभ्यासात मात्र असा फरक दिसला नाही. तेव्हा वही हे रामबाण औषध नाही. पण हरवलेले वीस दिवस परत जुळवायला तिचा आधार होतो आणि खर्च एका वहीचा. ती वाचायची की नाही आणि कधी वाचायची, हे रुग्णालाच ठरवू द्या.

घरी आल्यावर पहिले तीन-चार महिने एका वेळी एकच काम, हा नियम ठेवावा. बोलताना टीव्ही बंद असावा. औषधांना वारांचे खण असलेली डबी घ्यावी. कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहावं. मोठे आर्थिक व्यवहार, सह्या, जमिनीचे निर्णय पुढे ढकलावेत किंवा दुसऱ्या विश्वासू माणसाच्या डोळ्यांखालून घालावेत. दुचाकी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालवू नये. रोज थोडं थोडं चालणं वाढवावं. दवाखान्यात सुरू झालेली झोपेची गोळी आपोआप चालू ठेवू नये. पहिल्याच भेटीत ती चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवावी. थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्यावं, कारण विसराळूपणाची ही कारणं औषधाने दूर होतात.

कामावर परतताना एकदम पूर्ण पाळी नको. आधी अर्धा दिवस, मग हळूहळू पूर्ण. साहेबांना आणि मालकांना माझी विनंती आहे, की पाय मोडलेल्या माणसाला आपण जिने चढायला लावत नाही, तसंच या माणसाला पहिल्या महिन्यात रोखीच्या खिडकीवर बसवू नका. टोरांटोच्या त्या रुग्णांपैकी वर्षानंतर निम्मे कामावर होते, हे मी सांगितलं. पाच वर्षांनंतर हे प्रमाण ७७ टक्के झालं होतं. वेळ लागतो, पण वाट बंद नसते.

रात्रीची भीती, सततची उदासी, चिडचिड महिनाभराहून अधिक टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तिथं जाणं म्हणजे वेड लागलं असं नव्हे. न्यूमोनियासाठी छातीच्या डॉक्टरांकडे गेलो, तसंच हे. जवळ तज्ज्ञ नसतील, तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथं मराठीतून बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. जगणं नकोसं झाल्याचं कुणी बोललं, तर ते मनावर घ्या, त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

शेवटी दोन मागण्या. पहिली माझ्या व्यवसायबंधूंकडे. घरी पाठवताना आपण कागदावर औषधं लिहितो, पथ्य लिहितो. त्याखाली एक ओळ आणखी लिहू या: ‘काही महिने विसरायला होईल, भीती वाटेल, रडू येईल, हा आजाराचाच भाग आहे, तीन महिन्यांनी येऊन सांगा.’ ही ओळ लिहायला अर्धं मिनिट पुरतं. दुसरी मागणी आपणा सर्वांकडे. आपल्या ओळखीत असं मरणाच्या दारातून परत आलेलं कुणी असेल, तर त्यांच्याकडे जा. ‘आता बरं आहे ना?’ असं विचारलं, तर ‘हो’ एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा, ‘झोप लागते का? तिथलं काही आठवतं का?’ आणि मग घाई न करता ऐकत बसा. अनेकांना हा प्रश्न आजवर कुणी विचारलेलाच नसतो.